जुन्या हवेलीत पहिलं पाऊल: गॉथिक प्रणयकादंबऱ्यांवरचे कृष्णधवल चित्रपट पाहायला सुरुवात कशी करावी

एक तरुण मुलगी. मागे ना घर, ना पैसा. एक भलं मोठं, जुनं घर. त्या घराचा मालक वयाने मोठा, देखणा, तुटक. आणि घरातली एखादी खोली किंवा एखादं नाव, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. गॉथिक प्रणयकादंबरीचा सांगाडा साधारण एवढाच. होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून किल्ले, भुयारं आणि शाप यांची ही इंग्रजी परंपरा सुरू झाली. १८४७ मध्ये शार्लट आणि एमिली या ब्राँटे बहिणींनी तिला यॉर्कशायरच्या माळरानावरच्या घरांत आणलं. १९३८ मध्ये डाफ्ने ड्यू मॉरिएच्या 'रेबेका'ने तिला मोटारगाड्यांच्या काळात आणून सोडलं. आणि १९३९ पासून पुढची सात-आठ वर्षं हॉलिवूडने या कादंबऱ्यांवर असे काही कृष्णधवल चित्रपट केले, की आजही या प्रकाराचं नाव काढलं की तीच घरं डोळ्यांसमोर येतात.

हे चित्रपट बघायची इच्छा अनेकांना असते आणि त्यातले बरेच जण अर्ध्यावर सोडून देतात. चुकीची प्रत मिळते, चुकीच्या चित्रपटापासून सुरुवात होते, किंवा भलतीच अपेक्षा ठेवून बसणं होतं. मी हे चित्रपट अनेकदा पाहिले आहेत, दुसऱ्यांना दाखवले आहेत, आणि माणसं नेमकी कुठे अडखळतात ते पाहिलं आहे. त्यावरून ही वाट आखली आहे.

हाताशी काय हवं

- चित्रपटाचं नाव, साल आणि दिग्दर्शक लिहिलेला कागद. नुसतं नाव पुरत नाही.
- इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत.
- अंधार करता येईल अशी खोली.
- बऱ्यापैकी हेडफोन किंवा स्पीकर.
- सलग सव्वादोन तास. हे चित्रपट तुकड्यातुकड्याने पाहिले तर उभेच राहत नाहीत.

१. काय बघायचं आहे ते आधी समजून घ्या

नारायण धारपांच्या कथांवर वाढलेला वाचक इथे भूत कधी येतं याची वाट बघत बसतो. यातल्या बहुतेक चित्रपटांत भूत येतच नाही. भीती असते ती घराची, आणि ज्याच्यावर जीव जडलाय तो माणूस खरा कसा आहे या प्रश्नाची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. यातल्या कितीतरी कादंबऱ्या नायिका स्वतः सांगते, 'मी'च्या आवाजात. तिला काय वाटतं, कशाची धास्ती आहे, ते सगळं आपल्याला आतून कळतं. कॅमेऱ्याला मात्र ती बाहेरूनच दिसते. मग तिच्या मनातलं दाखवायचं कसं? या चित्रपटांनी ते काम घराकडे आणि प्रकाशाकडे सोपवलं. जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर गजांसारखी पडते, दार तिच्या दुप्पट उंच दिसतं, मेणबत्तीच्या उजेडात अर्धाच चेहरा उजळतो. हे चित्रपट रंगीत नसल्याची उणीव सहन करून पाहायचे नाहीत. त्यांची गोष्टच काळ्या-पांढऱ्यात रचलेली आहे. कथेकडे जेवढं लक्ष द्याल तेवढंच भिंतींकडे द्या.

२. योग्य प्रत शोधा

सर्वाधिक फसगत इथे होते. 'रेबेका' शोधलं की २०२० चा रंगीत चित्रपट आधी पुढे येतो. 'जेन एअर'च्या तर इतक्या आवृत्त्या आहेत की साल न बघता लावलेला चित्रपट हमखास दुसराच निघतो. १९३४ सालची एक कृष्णधवल 'जेन एअर' इंटरनेटवर सहज सापडते. ती तासाभराचीच आहे आणि घाईघाईत केलेली आहे. तिच्यावरून १९४३ च्या चित्रपटाबद्दल मत बनवू नका.

भारतात कुठल्या सेवेवर काय आहे हे सतत बदलतं. जस्टवॉचसारख्या संकेतस्थळावर देश भारत निवडून शोधा. पुणे-मुंबईत असाल तर मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. असा चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायची संधी आली तर सोडू नका.

डिस्क मागवणार असाल तर विभाग तपासा. ब्लू-रेसाठी भारत 'सी' विभागात येतो. अमेरिकेच्या डिस्क 'ए'च्या आणि ब्रिटनच्या 'बी'च्या असतात. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवलेली महागडी डिस्क घरच्या प्लेअरवर चालत नाही, असं अनेकांचं होतं.

प्रत हातात आली की तीन गोष्टी बघा.

चित्राचा आकार: यातले बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाले आहेत. आजच्या टीव्हीवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा पूर्ण भरलेला दिसला, तर चित्र ताणलेलं आहे किंवा वरून-खालून छाटलेलं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मूळ आकारावर आणा.

लांबी: 'रेबेका' १३० मिनिटांचा आहे. युरोपातल्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सुमारे चार टक्के जलद धावतो, त्यामुळे १२५ मिनिटं दिसली तर काही कापलेलं नाही. शंभरच दिसली तर मात्र ती प्रत घेऊ नका.

रंग: १९८०च्या दशकात अमेरिकेत जुने चित्रपट संगणकावर रंगवून टीव्हीवर दाखवायची टूम निघाली होती, आणि आता तर कुणीही घरबसल्या रंगवून टाकतो. रंगवलेली प्रत कधीही बघू नका. सावल्यांचं सगळं काम त्यात मातीमोल होतं.

३. खोली आणि आवाज

दिवे बंद करा. काळ्याच्या चार-पाच छटा असतात आणि उजेडात त्यातली एकच दिसते. सबटायटल्स लावण्यात कमीपणा नाही. १९४० च्या आसपासचं ध्वनिमुद्रण, ब्रिटिश उच्चार आणि कुजबुज यांपुढे इंग्रजी उत्तम असणाऱ्यांचीही वाक्यं निसटतात.

४. सुरुवात 'रेबेका'पासून (१९४०)

कालक्रमाने जायचा मोह टाळा. आल्फ्रेड हिचकॉकचा हा पहिला अमेरिकी चित्रपट, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला त्याचा एकमेव. कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्करही जॉर्ज बार्न्सला याच चित्रपटासाठी मिळालं. नवख्या माणसाला तो सहज धरून ठेवतो, म्हणून पहिला.

सुरुवातीचा बराचसा भाग माँटे कार्लोत घडतो आणि तो हलकाफुलका आहे. 'यात गॉथिक कुठे आहे?' म्हणून इथेच बंद करू नका. नायकाच्या मँडर्ली या हवेलीचं फाटक उघडलं की चित्रपटाचा श्वास बदलतो. तिथून पुढे या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

नायिकेला नाव नाही. कादंबरीत नाही, चित्रपटातही नाही. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मात्र शीर्षकात आहे, तिचं आद्याक्षर रुमालावर, पत्ते लिहायच्या वहीवर, उशीच्या खोळीवर आहे. नायिका झालेली जोन फॉन्टेन हवेलीच्या दालनांमधून चालते तेव्हा घराच्या मापापुढे ती शाळकरी मुलीसारखी दिसते. घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स चालत येताना क्वचितच दिसते. मान वळवली की ती तिथे उभी असते. हे हिचकॉकने मुद्दाम केलं होतं, नायिकेला ती जशी भासते तशीच ती आपल्याला दिसावी म्हणून. ज्युडिथ अँडरसनने ही भूमिका जवळजवळ पापणी न लववता केली आहे. पश्चिमेच्या दालनात ती रेबेकाचे कपडे एकेक करून दाखवते तो प्रसंग मला या सगळ्या चित्रपटांतला सर्वांत धाडसी वाटतो. त्यात ना आरडाओरडा, ना शस्त्र. फक्त एक फरचा कोट आणि एक झिरझिरीत गाऊन.

५. 'रेबेका' पाहून झाल्यावरच हा टप्पा वाचा

पाहिला नसेल तर इथून थेट सहाव्या टप्प्यावर जा.

रेबेका पडद्यावर एकदाही दिसत नाही. बोटीच्या झोपडीत मॅक्सिम त्या रात्रीची हकीकत सांगतो तेव्हा दुसरा कुणीही दिग्दर्शक मागचा प्रसंग उभा करून दाखवता. हिचकॉक कॅमेरा रिकाम्या कोचावर नेतो, ती उठली म्हणताच कॅमेरा उठतो, ती चालली म्हणताच रिकाम्या जागेतून सरकतो. आपण एका नसलेल्या बाईला चालताना पाहतो. तो प्रसंग पुन्हा लावून बघा, या वेळी फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून.

आता कादंबरीतला फरक. कादंबरीत मॅक्सिमने तिला गोळी घातलेली आहे. चित्रपटात ती पडते, डोक्याला लागतं आणि मरते. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये काटेकोरपणे लागू झालेल्या निर्मिती-संहितेनुसार खुनी माणूस शिक्षेविना सुटलेला दाखवता येत नसे. निर्माता डेव्हिड सेल्झनिक कादंबरीला चिकटून राहण्याबद्दल कमालीचा आग्रही होता. हिचकॉकचा पहिला आराखडा त्याने याच कारणासाठी नाकारला होता. त्यालाही इथे नमतं घ्यावं लागलं. या एका बदलाने नायिकाही बदलते. कादंबरीतली ती खुन्याला, तो खुनी आहे हे समजून, साथ देते. चित्रपटातली एका दुर्दैवी नवऱ्याला. माझ्या मते कादंबरी इथे जास्त भयंकर आणि जास्त खरी आहे, आणि म्हणूनच चित्रपटानंतर ती वाचायला हवी.

६. मग 'जेन एअर' (१९४३)

तीच जोन फॉन्टेन, तोच छायाचित्रकार जॉर्ज बार्न्स. दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन, पण रॉचेस्टर, म्हणजे घराचा मालक, झालेल्या ऑर्सन वेल्सचा ठसा सगळीकडे जाणवतो. पटकथेत आल्डस हक्सलेचा हात आहे, संगीत बर्नार्ड हरमनचं. 'रेबेका'नंतर लगेच पाहिलात तर लक्षात येईल की ड्यू मॉरिएची गोष्ट शार्लट ब्राँटेच्या गोष्टीच्या पोटातूनच आली आहे.

एक सापळा. चित्रपटात मधूनमधून पुस्तकाचं पान दिसतं आणि त्यातल्या ओळी वाचल्या जातात. ते पान ब्राँटेचं नाही. पहिल्याच पानावरचा मजकूर चित्रपटासाठी लिहिलेला आहे. त्या ओळी कादंबरीतल्या म्हणून कुठे उद्धृत करू नका.

पहिल्या भागात लोवुड शाळेतली हेलन बर्न्स नीट बघा: ती लहानगी एलिझाबेथ टेलर आहे, श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. पुढे धुक्यातून घोडा अंगावर येतो तो रॉचेस्टरचा प्रवेश. माळरान, धुकं, रॉचेस्टरचं किल्ल्यासारखं घर थॉर्नफील्ड हे सगळं स्टुडिओत उभं केलेलं आहे आणि ते लपवायचा फारसा प्रयत्नही नाही. मला ते आवडतं. जेनच्या मनातलं थॉर्नफील्ड असंच असणार. माडीवर काय आहे हे उघड होतं तेव्हाही कॅमेरा जवळजवळ काही दाखवत नाही.

९७ मिनिटांत कादंबरी मावत नाही. जेनला पुढे आसरा देणारा सेंट जॉन रिव्हर्स आणि त्याच्या बहिणी यांचा मोठा भाग पूर्ण गाळला आहे. जेन तिथे स्वतःच्या पायावर उभी राहते, त्यामुळे चित्रपटातली जेन पुस्तकातल्या जेनपेक्षा मवाळ वाटते. फॉन्टेनला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या.

७. 'वदरिंग हाइट्स' (१९३९): अर्धीच कादंबरी

विल्यम वायलरचा हा चित्रपट एमिली ब्राँटेची निम्मीच गोष्ट सांगतो. कॅथरीन आणि हीथक्लिफची पिढी आहे, त्यांच्या मुलांची पिढी नाही. कादंबरीतला सूड त्या दुसऱ्या पिढीवर उगवला जातो. तो काढला की उरते प्रेमकथा, आणि हीथक्लिफ राक्षसाऐवजी दुखावलेला प्रियकर होतो. काळही पुढे सरकवला आहे. शेवटचं दृश्य वायलरला नको होतं, निर्माता सॅम्युअल गोल्डविनने ते आग्रहाने जोडलं. पाहताना ते चिकटवलेलं वाटलं तर तुमचा डोळा बरोबर आहे.

तरीही बघायचा तो ग्रेग टोलंडच्या छायाचित्रणासाठी. या चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर त्याचं, आणि दोनच वर्षांनी त्याने चित्रित केलेला 'सिटिझन केन' आला. यॉर्कशायरचा माळ म्हणून दिसतात त्या कॅलिफोर्नियातल्या टेकड्या.

मराठी प्रेक्षकाने या चित्रपटापाशी थोडं जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं. कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मली, १९११ साली, आणि कोलकात्यात वाढली. ती अँग्लो-इंडियन होती. हॉलिवूडमध्ये ते उघड झालं असतं तर तिला नायिकेच्या भूमिका मिळाल्या नसत्या, म्हणून आपला जन्म टास्मानियाचा असं ती सांगत राहिली. तिच्या मृत्यूनंतरच खरी गोष्ट सर्वांसमोर आली. आता कादंबरी उघडा: हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला सावळा पोरगा आहे आणि एक पात्र त्याला 'छोटा लास्कर' म्हणतं. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवरचे पूर्वेकडचे खलाशी. आपल्या कोकणपट्टीतलेही कितीतरी जण त्यांत होते. म्हणजे जो सावळा असायला हवा तो हीथक्लिफ झालेला लॉरेन्स ऑलिव्हिए गोरा, आणि जी गोरी कॅथरीन म्हणून उभी आहे ती मुंबईची मुलगी, आपलं मूळ लपवून. हे माहीत असताना तिची वर्गाच्या आणि प्रतिष्ठेच्या ओढीची दृश्यं पाहिली की त्यांचं वजनच बदलतं.

८. इथून पुढच्या वाटा

हे तीन झाले की हवं तिकडे वळा.

'ड्रॅगनविक' (१९४६): अन्या सीटनच्या कादंबरीवरून, जोसेफ मँकिविझचं पहिलं दिग्दर्शन. इथे हवेली अमेरिकेत, हडसन नदीकाठी आहे. जमीनदार आणि त्याला खंड देणारे शेतकरी यांचा तंटा कथेत आहे. खोत आणि कुळांच्या गोष्टी ऐकलेल्या कोकणी माणसाला तो समजायला वेळ लागणार नाही. जमीनदार झालेल्या व्हिन्सेंट प्राइससाठी तरी बघाच.

'द अनइनव्हाइटेड' (१९४४): डोरोथी मॅकार्डलच्या कादंबरीवरून. वर म्हटलं की भूत येत नाही. इथे येतं, आणि चित्रपट त्याला पूर्ण गांभीर्याने घेतो.

'द इनोसंट्स' (१९६१): हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या लघुकादंबरीवरून, दिग्दर्शक जॅक क्लेटन. हा सर्वांत शेवटी ठेवा, कारण आधीचे चित्रपट डोळ्यांत मुरलेले असतील तरच याची ताकद कळते. एक सूचना: सुरुवातीला पडदा पूर्ण काळा असतो आणि फक्त एका मुलीचं गाणं ऐकू येतं. प्रत बिघडलेली नाही. पुढे ढकलू नका. हा चित्रपट रुंद पडद्याचा आहे, म्हणून इथे काळ्या पट्ट्या वर-खाली असतील. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसला एवढी रुंद चौकट या गोष्टीसाठी गैरसोयीची होती, म्हणून त्याने कडा रंगवलेले फिल्टर लावून दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. नायिका झालेली डेबरा कर मेणबत्त्या घेऊन फिरते तेव्हा त्या कडांकडे बघत राहा.

'गॅसलाइट' (१९४४) या यादीत बहुतेक जण घालतात. चित्रपट अप्रतिम आहे, पण तो पॅट्रिक हॅमिल्टनच्या नाटकावरून आहे. मूळ कादंबरी शोधत बसू नका.

९. आपल्याकडच्या हवेल्या

'कोहरा' (१९६४) हा 'रेबेका'वरून. दिग्दर्शक बिरेन नाग मुळात कलादिग्दर्शक, गुरुदत्तच्या चित्रपटांत त्यांनी काम केलेलं. त्यामुळे घर कसं बोलतं करायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. रेबेकाची इथे पूनम होते आणि मिसेस डॅनव्हर्सची दाई माँ. ती दाई माँ म्हणजे आपल्या ललिता पवार. ज्युडिथ अँडरसन थंड आहे, ललिताबाई आतून पेटलेल्या. दोन्ही एकाच आठवड्यात बघून ताडून पाहा. हेमंतकुमारांची गाणी येतात तेव्हा ती 'पुढे ढकलायची' गाणी समजू नका. 'ये नयन डरे डरे'च्या चित्रणात धास्ती आणि प्रणय एकाच चौकटीत आहेत.

'संगदिल' (१९५२) हा 'जेन एअर'वरून, दिलीपकुमार आणि मधुबालाचा. यात नायक-नायिका लहानपणापासून एकमेकांना ओळखतात, त्यामुळे अनोळखी मालकाबद्दलची जेनची धास्ती नाहीशी होते. चित्रपट म्हणून तो सैल आहे. सज्जाद हुसेन यांच्या संगीतासाठी बघा.

मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आहे, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. ती इंग्रजी परंपरेतली कादंबरी नाही, हवेलीची गोष्टही नाही. पण मेलेली बायको परत आली आहे का, हा प्रश्न तिथेही मध्यभागी आहे. 'या डोळ्यांची दोन पाखरे' कानावर असलेल्यांनी आता हे सगळे चित्रपट डोळ्यांत घेऊन तो पुन्हा पाहावा.

१०. पुस्तकं केव्हा वाचायची

'रेबेका' चित्रपटानंतर, कारण वर सांगितलंच. 'जेन एअर' आधी वाचा किंवा नंतर, फरक पडत नाही, पण पूर्ण वाचा. संक्षिप्त शालेय आवृत्त्यांत नेमकं तेच गाळलेलं असतं जे चित्रपटानेही गाळलं आहे. 'वदरिंग हाइट्स' चित्रपटानंतर लगेच हाती घ्या, आणि वाचायला बसताना शेजारी कागद ठेवून वंशावळ काढत जा. कॅथरीन दोन आहेत, लिंटन हे आडनावही आहे आणि एका मुलाचं नावही. चित्रपट जिथे संपतो तिथे पुस्तकाचा जेमतेम मध्य आलेला असतो, आणि त्यापुढचा हीथक्लिफ ऑलिव्हिएच्या चेहऱ्याने वाचता येत नाही.